लेप आणि निगा : रायगड किनाऱ्यावरील मोटारींच्या रंगासंबंधी

जमीन सारवणे, भिंत लिंपणे, भांड्यांना कल्हई करणे, लाकडाला रोगण देणे हे मराठीतील जुने प्रयोग होत. ह्या सर्वांत एक अर्थच्छटा समान आहे. ह्यांपैकी कोणतीही क्रिया एकदा केली म्हणजे कायमची झाली, असे मराठी भाषक मानीत नाही. सारवण पुन्हा घालावे लागते, कल्हई उडाली की पुन्हा करावी लागते, आणि किनाऱ्यावरील लाकडी होडीला तेल व चुना पुन्हापुन्हा द्यावा लागतो. संरक्षक थर हा झिजण्यासाठीच असतो, ही समजूत त्या क्रियापदांत मुरलेली आहे. मोटारीच्या संदर्भात अलीकडे रूढ झालेल्या 'सिरॅमिक कोटिंग' ह्या शब्दाची गोष्ट मात्र निराळी आहे. मेणाविषयी बोलताना 'गाडीला मेण लावतो' असा रीतिवाचक प्रयोग होतो. नव्या लेपाविषयी 'सिरॅमिक करून घेतले' असा क्रियेची समाप्ती दाखविणारा प्रयोग होतो. ह्या व्याकरणभेदातून सूचित होणारी अपेक्षा कितपत खरी आहे, ह्याचा विचार रायगडच्या खाऱ्या हवेत विशेष अगत्याचा ठरतो.

प्रथम नावाचा विचार करू. 'सिरॅमिक' हा शब्द कुंभाराच्या मातीचा वाचक असलेल्या ग्रीक 'केरामोस' ह्या शब्दापासून आला. तो ऐकताच भट्टीत भाजलेल्या चिनीमातीच्या बरणीची कठीण झिलई डोळ्यांपुढे उभी राहते. वस्तुतः मोटारीवरील लेप भट्टीत भाजला जात नाही. सिलिकॉन व ऑक्सिजन ह्यांच्या साखळ्या बनविणारी द्रव्ये द्रवरूपात रंगावर पसरली जातात. हवेतील बाष्पाच्या साहाय्याने ती घट्ट होतात आणि खालच्या थराला चिकटून राहतात. शुद्ध काचेवर पाणी पसरते; ह्या लेपावर ते गोळा होऊन ओघळते. ह्याचे कारण साखळीतील सिलिकॉनच्या अणूंना जोडलेले मिथिलसारखे सेंद्रिय गट होत. म्हणजे लेपाचा जो गुण ग्राहकाला सर्वांत अधिक भुरळ घालतो, तो त्याच्या 'सिरॅमिक' अंगाचा नसून सेंद्रिय अंगाचा आहे. तोच भाग ऊन, क्षार आणि घर्षण ह्यांनी आधी क्षीण होतो.

'९ एच' ह्या संज्ञेचेही असेच आहे. ती खनिजांच्या काठिण्याची मोजणी नव्हे. निरनिराळ्या कडकपणाच्या शिसपेन्सिली पृष्ठभागावर ओढून पाहण्याच्या चाचणीतील ती एक पायरी आहे. गारगोटीचे काठिण्य खनिजांच्या मापनात ७ असते, आणि पेन्सिलीचे शिसे तिच्यापुढे फारच मऊ ठरते. म्हणून '९ एच' लेप दिलेल्या गाडीवरील वाळू कोरड्या फडक्याने झटकली, तर लेपावर आणि रंगावर ओरखडे उठणारच.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर अशी रचना असते. सर्व थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांतील पारदर्शक थर सुमारे ४० मायक्रॉनचा असतो. सिरॅमिक लेपाची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असते. चिलखताची उपमा येथे लागू पडत नाही. फार तर चांगल्या रोगणाची उपमा द्यावी.

ह्या लेपाच्या तुलनेत जुने दोन प्रकार पाहावेत. पहिला मेणाचा. 'मेण' हा शब्द संस्कृत 'मदन', प्राकृत 'मयण' ह्या मार्गाने मराठीत आला व मूळचा मधमाशीच्या मेणाचा वाचक आहे. मोटारीच्या मेणात मुख्य घटक बहुधा कार्नाउबाचा असतो. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर हे मेण साठते आणि सुमारे ८२ ते ८६ अंशांवर वितळते. बाटलीतील मिश्रणात तेले आणि द्रावके असल्यामुळे ते त्याआधीच मऊ होते. ते रंगावर केवळ बसते, रंगाशी जोडले जात नाही. कोकणच्या उन्हात व पावसात त्याचा टिकाव काही आठवड्यांचा असतो. दुसरा प्रकार सीलंटचा. ही कृत्रिम बहुवारिके होत. ती मेणापेक्षा घट्ट धरतात आणि काही महिने टिकतात. सिरॅमिक लेप नीट दिला व नीट राखला तर काही वर्षे टिकतो. पण ह्या वाक्यातील दुसरी अट जाहिरातीत बहुधा बारीक अक्षरांत असते.

आता रायगडच्या किनाऱ्याकडे वळावे. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन ह्या पट्ट्यात मोटारीला तीन शत्रू आहेत : मीठ, पाणी आणि वाळू. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. आगरदांडा ते दिघी, तसेच बागमांडला ते वेसवी ह्या खाड्यांवरही वाहने तरीतून जातात. अशा प्रवासात समुद्राचे तुषार थेट पत्र्यावर येतात. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की आपोआप विरघळू लागते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांवरच पाणी ओढते. किनाऱ्यावरची हवा बहुतेक काळ दमट असते. म्हणून तेथे बसलेले मीठ कोरडे राहत नाही. पत्र्यावर क्षारयुक्त ओलावा टिकून राहतो, आणि लोखंडाच्या गंजाला नेमका तोच पोषक असतो.

येथे लेपाची मर्यादा स्पष्ट होते. लेप रंगावर असतो. गंज बहुधा रंग नसतो तेथे सुरू होतो. दरवाजांच्या दुमडलेल्या कडा, मडगार्डच्या आतील पोकळ्या, गाडीचा तळ, खडी उडून रंगाचा टवका गेलेली जागा ह्या ठिकाणी लेप पोहोचलेला नसतो. चकचकीत बॉनेटखाली गंजलेला तळ ही किनाऱ्यावरील संभाव्य आपत्ती आहे, आणि 'करून घेतले' ह्या समाप्तिवाचक प्रयोगाने येणारे निर्धास्तपण तिला हातभार लावते.

पाण्याचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. लेपावर पाण्याचे थेंब उंच व गोल राहतात. ते ओघळले तर उत्तम. ओघळले नाहीत आणि उन्हात वाळले, तर त्यांतील सर्व क्षार लहानशा वर्तुळात एकवटतात व पांढरे डाग पडतात. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ किंवा जड असते. अशा पाण्याने धुऊन गाडी उन्हात सोडणे हे लेप असलेल्या गाडीला अधिक बाधक ठरते. मेणावरही डाग पडतात, पण ते मेणाबरोबर निघून जातात. लेप निघत नाही, म्हणून त्यावरचा डागही सहज निघत नाही.

ह्यावरून निगेची रीत ठरते. तरीतून किंवा समुद्रकाठाहून आल्यावर शक्य तितक्या लवकर गोड्या पाण्याने गाडी धुवावी, तळ व मडगार्डच्या पोकळ्या वगळू नयेत. कोरडे फडके किंवा पिसांचा झाडू वापरू नये. आधी पाण्याने वाळू वाहवून द्यावी. मग आम्लही नाही व अल्कही नाही असा साबण घ्यावा, साबणाची व खळबळण्याची बादली वेगळी ठेवावी, आणि धुणे सावलीत उरकून मऊ टॉवेलने लगेच पुसावे. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी भिजवून काढावी. टवका उडालेल्या जागी रंगाचा ठिपका वेळेवर भरावा. नवा लेप पावसाळ्यात देण्यापेक्षा हिवाळ्यात द्यावा. अतिदमट हवेत तो फार लवकर घट्ट होऊन पट्टे उमटतात. लेप दिल्यावर सुमारे आठवडाभर गाडी धुवू नये.

काही महिन्यांनी पाणी ओघळेनासे झाले म्हणजे लेप संपला असे समजण्याची घाई होते. पुष्कळदा लेप शाबूत असतो. त्यावर क्षार, लोहकण व तेलकट मळ ह्यांचे पुट चढलेले असते. प्रथम लोहकण विरघळविणारे द्रव्य व क्षारांसाठी सौम्य आम्लयुक्त साबण वापरून पाहावा. पाणी पुन्हा गोळा होऊ लागले तर लेप जिवंत आहे. न झाले तरच तो झिजला असे मानून त्यावर पूरक थर द्यावा किंवा नवा लेप काढावा.

तेव्हा निवड करताना प्रश्न टिकाऊपणाचा नसून श्रमांच्या वाटणीचा आहे. मेणाच्या बाबतीत श्रम पुनःपुन्हा लावण्यात जातात. सिरॅमिकच्या बाबतीत ते धुण्यात जातात. ज्याच्याजवळ गोडे पाणी, सावली आणि आठवड्यातील अर्धा तास आहे, त्याला नवा लेप खचितच लाभदायक आहे. ज्याची गाडी सुरूच्या बनात उघड्यावर उभी राहते व महिनोन्‌महिने धुतली जात नाही, त्याने तेच पैसे तळाच्या गंजरोधक लेपावर खर्च करून वर साधे सीलंट द्यावे, हे अधिक शहाणपणाचे. कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागते, हे जाणणाऱ्या भाषेला ही गोष्ट नवी वाटू नये.