वसाहतकार स्त्रियांची चूल : घरगुती नोंदींचे वाचन

१. प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, सनदा, पत्रव्यवहार डोळ्यांसमोर येतात. स्वयंपाकाच्या नोंदी सहसा येत नाहीत. या भागात आपण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतकार स्त्रियांचा घरसंसार समजून घेऊ आणि त्यांच्या दैनंदिनी कशा वाचाव्यात, याचा विचार करू.

२. वाटेवरची चूल

१८४० नंतर मिसूरी नदीकाठाहून ऑरेगनकडे गाड्यांचे तांडे निघत. सुमारे ३,२०० किलोमीटरच्या या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याच्या १८४५ च्या मार्गदर्शिकेने प्रत्येकी २०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेले डुकराचे मांस, २० पौंड साखर व १० पौंड कॉफी सुचवली होती. शिधा बरोबर नेता येई, सरपण मात्र वाटेतच शोधावे लागे. प्लॅट नदीच्या वृक्षहीन खोऱ्यात स्त्रिया आणि मुले बायसनचे वाळलेले शेण ओच्यात गोळा करीत. आपण थापलेल्या शेणाला 'गोवरी' म्हणतो आणि रानात आपोआप वाळलेल्या शेणाला 'रानशेणी'. त्या स्त्रियांचे इंधन म्हणजे रानशेणीच होय. सकाळी दुधाचे भांडे गाडीला टांगले, की हिसक्यांनी घुसळून संध्याकाळपर्यंत लोणी निघे.

३. माळावरचे घर

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर मिळू लागले. अविवाहित आणि विधवा स्त्रियाही अर्ज करू शकत. नेब्रास्का, कॅन्सस येथे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांची घरे उभी राहिली. छपराची माती अन्नात पडू नये म्हणून आढ्याखाली कापड ताणत. कॉफी संपली, की राय किंवा गहू भाजून तिची जागा भरून काढीत. रोजचा आधार मक्याच्या पिठाचा होता. हा मका मूळ रहिवाशांनी शतकानुशतके जोपासलेला होता आणि वसाहतींसाठी त्याच रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हटवले गेले. म्हणून 'आद्य वसाहतकार' या शब्दातील 'आद्य' हे विशेषण तपासूनच वापरावे.

४. नोंदी वाचताना

'ब्रेड भाजला, कपडे धुतले' अशा धर्तीच्या त्रोटक नोंदी या दैनंदिनींत वारंवार आढळतात. इंग्रजी वाक्यात कर्ता सहसा आवश्यक असतो. येथे तो गाळलेला असतो. मराठी अनुवादात हा लोप जाणवत नाही, कारण 'भाजला' हे क्रियापद ब्रेडच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, भाजणारीच्या नाही. कर्त्याचा लोप ही दैनंदिनीलेखनाची सर्वसाधारण रीत आहे. पुरुषांच्या नोंदींतही ती दिसते. त्यामुळे केवळ त्यावरून स्त्रीच्या आत्मविलोपाचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तथापि 'ब्रेड भाजला' या दोन शब्दांमागे रानशेणी वेचणे, पाणी आणणे, वाऱ्यात विस्तव राखणे अशी कामांची साखळी असते. ती लिहिली जात नाही, कारण लिहिणारीच्या दृष्टीने ती उघड असते. वाचकाला ती उलगडावी लागते.

५. सारांश

घरगुती नोंदीत जे लिहिले आहे ते पुरावा असतेच; जे गृहीत धरले आहे, तेही पुराव्याइतकेच महत्त्वाचे असते.

स्वाध्याय : घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक पाककृती जशीच्या तशी लिहून घ्या. तिने न सांगितलेल्या पाच क्रिया शोधा आणि त्या का सांगितल्या गेल्या नाहीत, ते लिहा.