पदार्थविज्ञानाचे पहिले सत्र

वाचकहो, मुलगा बारावी होतो आणि खामगावला किंवा चिखलीला बी. एस्सी.ला जातो. पोळ्याला घरी आला की वडील विचारतात, “काय रे, अभ्यास कसा चाललाय?” तो म्हणतो, “परीक्षेला अजून अवकाश आहे, बाबा.” नेमकी इथेच चूक होते. पदार्थविज्ञानात पहिल्या सत्रात मागे पडलेली कितीतरी गुणी मुले पुढे विज्ञानच सोडून देतात.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पूर्वीची वार्षिक परीक्षा आता राहिली नाही. वर्षाची दोन सत्रे असतात. एका सत्रात शिकवण्याचे आठवडे साधारण पंधरा, म्हणजे सोयाबीनच्या पिकाइतकेच दिवस. पेरणीला उशीर झाला, तर पीक काय हाती लागणार?

आता श्रेयांक म्हणजे काय, ते पाहू. पंधरा तासांच्या व्याख्यानांना एक श्रेयांक, आणि प्रयोगशाळेतल्या तीस तासांना एक. प्रत्येक विषयाला दहाच्या मोजपट्टीवर श्रेणीगुण मिळतात. समजा, तीन श्रेयांकांच्या लेखी भागात ६ श्रेणीगुण आणि एका श्रेयांकाच्या प्रयोगात ९ मिळाले. मुले झटकन म्हणतात, सरासरी साडेसात! तसे नव्हे. तीन सक अठरा, त्यात नऊ मिळवा, सत्तावीस झाले. त्यांना चारने भागले की ६.७५. ज्याचे श्रेयांक जास्त, त्याचे वजन जास्त.

शिवाय सगळे गुण शेवटच्या पेपरात नसतात. सत्रभर चालणाऱ्या चाचण्या, स्वाध्याय, प्रयोगवही यांचेही गुण असतात. आदल्या रात्रीची घोकंपट्टी ते परत आणून देत नाही.

प्रयोगाचे गुण कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका दोरीत आहे. शिक्षक मित्रांनो, हे शाळेतही करून बघा. एक मीटर दोरीला दगड बांधून थोडासा झोका द्या. एका पूर्ण झोक्याला जवळजवळ दोन सेकंद लागतात. घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर ती शेकडा दहा ठरते. पण वीस झोके एकदम मोजले, तर चाळीस सेकंदांत तीच चूक शेकडा अर्धाच उरते! आपली चूक ओळखून ती कमी करणे, हेच पदार्थविज्ञान. प्रयोगवहीत तेच तपासतात. म्हणून दुसऱ्याची वही उतरवून काढणारा स्वतःलाच फसवतो.

मराठी शाळेतून आलेल्या मुलाने इंग्रजी पुस्तकाला बिचकू नये. ‘त्वरण’ म्हणजेच ‘ॲक्सिलरेशन’, अशा जोड्या वहीत लिहून ठेवाव्या. आणि पालकहो, यंदा पोळ्याला “परीक्षा कधी?” असे विचारू नका. “प्रयोगवही दाखव बरं,” असे म्हणा.