इंग्रजी मुलाखतीची तयारी – लेखांक सातवा : सायकलीवरचे प्रश्न आणि आपले जबाब

आयेल्ट्स या नावाने आता सातारा-सांगलीकडेही सर्वपरिचित झालेल्या परीक्षेच्या तोंडी भागाचा तपशील मागील लेखांकांत आलेला आहे. ११ ते १४ मिनिटांच्या त्या मुलाखतीत प्रथम घरादाराचे व आवडीनिवडींचे प्रश्न, मग कार्ड हाती देऊन १ मिनिटाच्या तयारीनंतर १ ते २ मिनिटांचे अखंड निवेदन, आणि शेवटी त्याच विषयाला धरून व्यापक चर्चा, हा क्रम वाचकांच्या स्मरणात असेल. आज सायकल हा एकच विषय घेऊन या तिन्ही भागांतून जाण्याचा बेत आहे. विषय क्षुद्र वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मिरजेच्या एखाद्या रुग्णालयातील नोकरी सांभाळून विलायतेच्या परिचारिका-नोंदणीसाठी बोलण्याच्या भागात लागणारी ७ ही श्रेणी गाठू पाहणारी परिचारिका असो, किंवा कराड-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी परदेशी निघालेला तरुण असो, त्यांची तारांबळ उडते ती नेमकी अशाच क्षुद्र विषयांवर. कारण प्रदूषणावरचा निबंध मुखोद्गत असतो आणि स्वतःच्या सायकलीविषयी इंग्रजीत दोन वाक्ये बोलण्याचा प्रसंग आयुष्यात कधी आलेलाच नसतो.

पहिला घोटाळा प्रश्न कानी पडताच होतो. परीक्षक विचारतो, ‘डू यू राइड अ बाइक?’ आणि आपल्याकडे बाइक म्हणजे मोटारसायकल हा अर्थ इतका पक्का रुजला आहे, की उमेदवार तत्काळ आपल्या गाडीच्या ॲव्हरेजची कैफियत मांडू लागतो. इंग्रजीत तो शब्द दोन्ही वाहनांना लागू पडतो, आणि विषय सायकलीचा चालला असेल तर रोख बहुधा सायकलीकडेच असतो. संशय असल्यास ‘डू यू मीन अ बायसिकल ऑर अ मोटरबाइक?’ असे सरळ विचारावे. अशा विचारण्याने गुण कापले जात नाहीत, उलट संभाषण दुतर्फा होते.

आता नमुन्यादाखल एक जबाब घेऊ. ‘येस सर, आय ॲम ड्रायव्हिंग सायकल डेली. आय ॲम गोइंग टु कॉलेज बाय सायकल ओन्ली.’ या दोन वाक्यांत मराठी मनाची सारी घडण उतरली आहे. आपण बैलगाडीपासून विमानापर्यंत सर्व काही ‘चालवतो’, म्हणून येथे ‘ड्राइव्ह’ आला. ज्यावर टांग टाकून बसायचे त्या वाहनाला इंग्रजीत ‘राइड’ लागते. आपण ‘जातोय’ आणि ‘जातो’ यांतील सीमा बोलण्यात फारशी पाळत नाही, म्हणून नित्याच्या सवयीलाही ‘आय ॲम गोइंग’ आले. आणि ‘सायकलवरूनच’ यातील ‘च’ची जागा भरण्यासाठी वाक्याच्या शेपटीला ‘ओन्ली’ येऊन बसले. दुरुस्त जबाब इतकाच : ‘येस, आय राइड टु कॉलेज एव्हरी डे.’ ‘च’चा आग्रह धरायचाच असेल तर तो इंग्रजीत स्वराघाताने धरावा. ‘एव्हरी’ या शब्दावर जोर दिला की काम होते. ‘सर’ही गाळावा, ती मुलाखत आहे, कचेरीतील हजेरी नव्हे.

यानंतरचा प्रश्न ठरीव असतो : तुमच्या गावात सायकली लोकप्रिय आहेत काय? येथे मार्गदर्शक पुस्तकांनी मोठे नुकसान करून ठेवले आहे. सायकल हे पर्यावरणस्नेही वाहतुकीचे साधन असून आमच्या शहरात तिच्यासाठी स्वतंत्र मार्गिका आहेत, अशा अर्थाचे एक भारदस्त वाक्य साताऱ्याचा उमेदवारही म्हणतो आणि सांगलीचाही. त्या वाक्याच्या व्याकरणात खोट काढता येत नाही. परंतु परीक्षकाने ‘व्हाय?’ एवढेच विचारले की पाठांतराचा साठा संपतो. शिवाय पाठ केलेला मजकूर ओळखण्याचे शिक्षण परीक्षकांना मिळालेले असते, आणि तशी शंका येताच ते प्रश्नाचा मोहरा बदलतात.

वस्तुतः या दोन जिल्ह्यांतील उमेदवारांना या एका प्रश्नाची दोन अस्सल आणि परस्परविरुद्ध उत्तरे भूगोलानेच लिहून दिली आहेत. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढउतारावर वसलेले. शहरातून यवतेश्वराकडे व पुढे कासकडे निघालेला घाट धडधाकट माणसालाही सायकलीवरून उतरवतो. तेव्हा सातारकराने निःसंकोच म्हणावे : ‘नॉट रिअली. माय टाउन इज ॲट द फूट ऑफ अ हिल फोर्ट, सो यू कॅन फ्रीव्हील डाउन, बट यू हॅव टु पुश द बाइक ऑल द वे बॅक अप.’ सांगली कृष्णाकाठची सपाट भूमी. आयर्विन पुलावरून, हरिपूरच्या रस्त्याने किंवा विश्रामबागेवरून मिरजेपर्यंत जाताना पायडल मारण्याचा शीण असा वाटत नाही. सांगलीकराचा जबाब असा होऊ शकतो : ‘दे युज्ड टु बी. सांगली इज फ्लॅट, अँड माय फादर सायकल्ड टु मिरज एव्हरी मॉर्निंग, बट नाउ ही वुड नेव्हर रिस्क इट.’ ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाचा आवाका व अचूकता, आणि उच्चार, या चार कसोट्यांना परीक्षेत सारखेच वजन असते. ‘फ्रीव्हील’सारखा नेमका शब्द, ‘हॅव टु’, ‘युज्ड टु’ व ‘वुड’ यांची रूपे ही सारी येथे दाखवण्यासाठी आणलेली नाहीत; उताराची व काळाची गोष्ट सांगताना ती आपोआप लागली. उमेदवार खरे बोलतो की खोटे याची रुजवात परीक्षक घालत नाही हे कबूल. पण खऱ्या गोष्टीला पुढचा तपशील असतो, आणि ‘व्हाय?’नंतर तोच उपयोगी पडतो.

बालपणाच्या प्रश्नात मराठी माणसाला एक अनपेक्षित सवलत आहे, आणि तिचा लाभ कोणी घेत नाही याचे मला नवल वाटते. आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणून एक स्वतंत्र काळ आहे : ‘मी जाई’, ‘तो येई’, ‘आम्ही सायकल भाड्याने घेत असू’. इंग्रजीतील ‘युज्ड टु’ आणि ‘वुड’ हे बहुतांशी त्याच कामाचे. उमेदवार मात्र ‘आय वॉज गोइंग टु स्कूल बाय सायकल’ म्हणतो, ज्याचा अर्थ ‘मी त्या वेळी शाळेत चाललो होतो’ असा एका प्रसंगापुरता होतो आणि ऐकणारा पुढे काय अपघात झाला याची वाट पाहत राहतो. मनात आधी ‘जात असे’ हे रूप आणावे, मग ‘आय युज्ड टु गो’ म्हणावे. तासावर सायकल आणण्याची आठवण ‘वी वुड हायर अ बायसिकल बाय दि अवर’ अशी सांगता येते. दांडीमधून पाय घालून अर्ध्या पायडलवर शिकल्याची हकिकत ‘द सीट वॉज टू हाय, सो आय रोड विथ वन लेग थ्रू द फ्रेम’ इतक्या सोप्या शब्दांत मावते. ‘डबलसीट’ हा शब्द मात्र इंग्रज श्रोत्यास उमगणार नाही; ‘आय कॅरीड माय सिस्टर ऑन द बॅक’ म्हणावे. ‘आय लर्न्ड सायकल’ हेही अपुरे. ‘आय लर्न्ड टु राइड’ असे हवे.

दुसऱ्या भागात, आपल्या परिसरातील एखाद्या उद्योगाविषयी बोला, अशा आशयाचे कार्ड आले तर त्यावर सायकलीचा उल्लेखही नसेल. पण सांगली जिल्ह्यातील उमेदवाराने तेथेही सायकलच बाहेर काढावी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षणसंस्थेत शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलीच्या दुकानाने झाला; पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले, आणि बेळगावातील जागा सोडण्याची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला, तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. असे सुसूत्र कथानक हाताशी असताना २ मिनिटे कशी भरावीत ही चिंता उरत नाही. दक्षता एकच घ्यायची. मराठीत ‘त्यांनी १८८८ साली दुकान काढले आहे’ हे वाक्य खपून जाते; इंग्रजीत सालाचा उच्चार झाला की ‘हॅव स्टार्टेड’ नामंजूर होते, तेथे ‘दे स्टार्टेड’च पाहिजे. आणि प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘देन’ची चौकी बसवण्याऐवजी एकदा तरी ‘बाय द टाइम दे मूव्ह्ड, दे वेअर ऑलरेडी मेकिंग आयर्न प्लाउज’ असे म्हणून दोन घटना एकात गुंफाव्यात.

उच्चाराविषयी थोडक्यात. मराठी वळण असण्याने गुण जात नाहीत. जातात ते ऐकणाऱ्यास अर्थ लागेनासा झाला तर. ‘मोटरसायकल’मध्ये ‘साय’ आहे म्हणून ‘बायसायकल’ म्हणण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. उच्चार ‘बाय-सि-कल’ असा, आणि आघात पहिल्या अक्षरावर. चाकाला आपण देवनागरीत ‘व्हील’ लिहितो आणि वरचे दात खालच्या ओठाला टेकवून तो शब्द म्हणतो. तेथे दातांचा संबंध नाही, ओठांचा चंबू करून तो सुटावा.

तिसऱ्या भागात पूर्वीपेक्षा सायकली कमी का झाल्या असे विचारतात, आणि हमखास उत्तर येते : ‘बिकॉज ऑफ ट्रॅफिक इज इन्क्रीज्ड.’ ‘रहदारी वाढल्यामुळे’ यातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय क्रियेच्या रूपालाही बिनतक्रार चिकटते; इंग्रजीत ‘बिकॉज ऑफ’च्या पुढे नाम घालावे लागते आणि संपूर्ण वाक्य घालायचे तर ‘ऑफ’ला रजा द्यावी लागते. म्हणून ‘बिकॉज ऑफ द ट्रॅफिक’, नाहीतर ‘बिकॉज देअर इज मोर ट्रॅफिक’. त्याच ओघात ‘माय पेरेंट्स आर नॉट अलाउइंग माय सिस्टर’ यापेक्षा ‘माय पेरेंट्स वोन्ट लेट माय सिस्टर सायकल टु मिरज’ हे वाक्य पाहावे. नित्याचा नकार ‘वोन्ट’ने अधिक ठाम होतो, आणि ‘लेट’च्या पुढे ‘टु’ येत नाही.

येत्या आठवड्यात वाचकांनी या तिन्ही भागांचे जबाब आपापल्या दूरध्वनी-यंत्रावर ध्वनिमुद्रित करावेत आणि ऐकताना फक्त तीन गोष्टींवर खूण करावी : वाक्याच्या अखेरीचे ‘ओन्ली’, सवयीसाठी आलेले ‘आय ॲम’, आणि सालाबरोबर आलेले ‘हॅव’ किंवा ‘हॅज’. पुढील लेखांकी पावसाचे प्रश्न घेऊ.