आठवड्याचा हवामान अंदाज आणि आपले धान

सध्या हिवाळा चालू आहे. शेतात धानाचे पुंजणे उभे आहेत. कुणाची मळणी झाली, कुणाची व्हायची आहे. बांधीत लाखोळी हिरवीगार दिसते. अशा वेळी गावात सगळे एकच विचारतात, या आठवड्यात पाणी येते का? म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

भारत सरकारचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. आपल्या विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून येतो. शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक निघते. त्यात पुढच्या पाच दिवसांची हवा आणि पिकांचा सल्ला असतो. पिकांचा सल्ला वैनगंगेच्या पलीकडे, सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञही देतात. आमच्या घरी ते पत्रक बाबांच्या मोबाईलवर येते. मी ते मोठ्याने वाचतो, कारण आबाजींना बारीक अक्षर दिसत नाही.

पत्रकात पहिल्यांदा तापमान असते. किमान म्हणजे सर्वांत कमी. ते बहुधा पहाटे सूर्य उगवायच्या सुमारास असते. कमाल म्हणजे सर्वांत जास्त, ते दुपारी दोन-तीन वाजता असते. समजा किमान ११ अंश लिहिले आहे, तर ते सगळीकडे ११ नसते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चार फूट उंच, पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. खाली दवाने भिजलेल्या गवताजवळ त्याहून जास्त हिव असते. म्हणून सकाळी तलावाच्या पाळीवरून शाळेत येताना पाय गारठतात. किमान तापमान १० किंवा त्याहून कमी झाले, आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त खाली गेले, तर त्याला थंडीची लाट म्हणतात. नुसतं हिव लागलं म्हणजे लाट आली असं नाही.

आता एक गंमत सांगतो. आभाळ आले की रात्री थंडी कमी होते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. आभाळ मोकळे असले तर ती उष्णता निघून जाते. ढग असले तर ते पांघरुणासारखे काम करतात. माणसांना बरे वाटते, पण पिकाला बरे नसते. ढगाळ हवा चार-पाच दिवस टिकली की लाखोळीवर मावा पडतो आणि तुरीवर, हरभऱ्यावर अळी वाढते.

पावसाचे शब्द सर्वांत कठीण आहेत. पत्रकात लिहितात, ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’. आबाजी म्हणाले, “तुरळक म्हंजे थोडासा ना रे?” तसे नाही. तुरळक हा शब्द किती पाऊस ते सांगत नाही, किती ठिकाणी ते सांगतो. गुरुजींनी फळ्यावर समजावून दिले. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात पाऊस मोजायचे एक ठिकाण धरा. तुरळक म्हणजे १०० पैकी २५ किंवा त्याहून कमी ठिकाणी, म्हणजे १२ पैकी फार तर तीन ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून जास्त. आपला जिल्हा उत्तरेला कोरचीपासून दक्षिणेला सिरोंच्यापर्यंत लांबच लांब आहे. तिकडे पाणी येईल आणि आमच्या आरमोरी तालुक्यात ऊन राहील, तरी अंदाज खोटा ठरत नाही.

‘हलका’ हा शब्द मात्र किती पाऊस ते सांगतो. दिवसभरात साडेपंधरा मिलिमीटरपर्यंत पडला तर हलकाच म्हणतात. ऐकायला हे कमी वाटते. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. एका एकरावर दहा मिलिमीटर पडला तर सुमारे ४० हजार लिटर होते. पंधरा लिटरचा गुंड धरला तर अडीच हजारांहून जास्त गुंड! कापून पसरलेल्या कडपांवर एवढे पाणी पडले आणि उन्हं निघाली नाहीत, तर धानाला कोंब फुटतात, दाणा काळा पडतो. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही.

हिवाळ्यात हे पाणी येते कुठून? उत्तरेचा वारा कोरडा आणि थंड असतो. पण वारा फिरून पूर्वेकडून आला की बंगालच्या उपसागराचा ओलावा घेऊन येतो. आमच्या वर्गात समुद्र कोणीच पाहिलेला नाही, तरी समुद्र आपल्या धानापर्यंत येतो. ५ डिसेंबर २०२३ रोजी मिचौंग नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशात बापटलाजवळ किनाऱ्याला लागले. त्याच दिवसांत आपल्या पूर्व विदर्भात अवकाळी पाऊस झाला. म्हणून तिकडच्या वादळाची बातमी आली की इकडे ताडपत्री शोधावी.

आमच्या घरी आता हाच प्रश्न आहे. मळणी यंत्राचा आमचा नंबर रविवारी आहे. पत्रकात रविवारी ढगाळ आणि तुरळक ठिकाणी हलका पाऊस लिहिला आहे. नंबर सोडला तर आठ-दहा दिवस थांबावे लागेल, आणि दुकानाची उधारी द्यायची आहे. बाबा म्हणतात मळून घेऊ. आबाजी म्हणतात, पुंजणे नीट रचले आहे, लोंब्या आत आहेत, वरून झाकले की थोडे पाणी सोसते. मळलेली रास मात्र भिजली की गेली. मला आबाजींचे पटते. पण आई म्हणाली, आज भांडता कशाला, शनिवारी पुन्हा पाहा. तेही बरोबर आहे, कारण पाचव्या दिवसाच्या अंदाजापेक्षा उद्याचा अंदाज जास्त खरा असतो. तोपर्यंत मामाकडून मोठी ताडपत्री आणून ठेवायची ठरले.

पत्रकात रंगही असतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे लगेच हालचाल करा. लहान मुलांनीही हे चार रंग पाठ करावेत, त्याला वाचता यावे लागत नाही.

नवीन पत्रक मंगळवारी आले की मी ते वहीच्या कागदावर उतरवून याच फलकाशेजारी खिळ्याला अडकवीन. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. चौथीतले कोणीही वाचून दाखवेल.