हेअर पॅच : विकत घेण्याआधी डोके तपासा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे घेताना रक्तदाब, साखर, पाळी, अंगावरचे नायटे हे प्रश्न आम्हाला नेहमीचे झाले आहेत. अलीकडे एका प्रश्नाची त्यात भर पडली आहे. तो चारचौघांत विचारला जात नाही. गर्दी पांगली की पंचवीस-तिशीतला एखादा मुलगा मागे रेंगाळतो आणि टोपी न काढताच हळू आवाजात विचारतो, "ताई, ते हेअर पॅच लावतात, ते चांगलं असतं का?" कधी मुलाची आईच विचारते, कारण स्थळ बघायला पाहुणे येणार असतात. कधी बाई विचारते. तिचा भांग रुंद होत चाललेला असतो आणि तिने तो वर्षभर पदराखाली झाकलेला असतो.

पॅच लावावा की लावू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. तो लावण्यात पाप नाही आणि न लावण्यात कमीपणाही नाही. पण दुकानदाराच्या मोबाइलमधले 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो बघून महिन्याचा पगार मोजण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात, म्हणून हा लेख.

केस का गेले, हे आधी शोधा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत डोकी साफ झाली. बाया, पुरुष, शाळेची पोरे, कुणीच सुटले नाही. बाधितांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला. आधी शाम्पूवर संशय घेतला गेला, मग पाण्यावर. पुढे ज्येष्ठ डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. अनेकांचे केस नंतर परत आले. मधल्या काळात मात्र पोरांनी शाळा टाळली आणि तरुणांच्या लग्नाच्या बोलण्यांत अडथळे आले.

त्या गावांतून घ्यायचा धडा असा की केस जाणे ही कधी कधी शरीराने दिलेली खबर असते. ती पॅचखाली झाकली तर कारण आत तसेच राहते.

डेंग्यू, टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभस गळतात. ते बहुतेकदा सहा-आठ महिन्यांत आपसूक भरून येतात. अंगात रक्त कमी असेल किंवा थायरॉईड बिघडला असेल तरी केस विरळ होतात, आणि आपल्या बायांमध्ये रक्त कमी असणे तर घरोघरी आहे. नाण्याएवढा गुळगुळीत डाग पडला तर ती चाई. पोरांच्या डोक्यात खपल्या, खवडे आणि तुटके केस दिसले तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्याला पोटातून गोळ्या लागतात, नुसत्या मलमाने तो जात नाही. पुरुषांचे कपाळ मागे सरकते, टाळू उघडी पडते, ते बहुधा अनुवंशिक असते. त्यावरही औषधे आहेत, पण ती महिनोन्महिने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात.

म्हणून पहिला खर्च केस पेपरचा करा. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाच्या ओपीडीत दाखवा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडच्या तपासणीबद्दल विचारा. टाळूवर जखम, पू, खाज किंवा खपल्या असतील तर ते बरे होईपर्यंत कोणताही पॅच डोक्यावर नको.

'स्किन' म्हणजे कातडी नव्हे

खोटे केस आपल्याला नवे नाहीत. आपल्या आज्या अंबाड्यात गंगावन घालत आणि तमाशा-नाटकात टोप असत. आजचा हेअर पॅच हा त्याच घराण्यातला. त्याचा पाया तीन प्रकारचा असतो. मोनो म्हणजे बारीक, जरा टणक जाळी. ती टिकाऊ असते, पण तिची कड दिसते. लेस म्हणजे मऊ जाळी. तिच्यातून हवा खेळते, पण ती नाजूक असते. तिसरा प्रकार म्हणजे पातळ 'स्किन'. हा पॉलियुरेथेनचा पारदर्शक पापुद्रा असतो. कपाळावर तो त्वचेत मिसळून जातो आणि केस टाळूतूनच उगवल्यासारखे वाटतात, म्हणून तरुणांना तोच हवा असतो.

या पापुद्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर असतो, हे मनात धरा. ०.०३ चा पापुद्रा कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. तो सर्वांत खरा दिसतो आणि सर्वांत लवकर फाटतो. रोज वापरला तर महिना-दीड महिना चालला तरी पुष्कळ. ०.०६ ते ०.०८ चा नीट सांभाळला तर दोन-तीन महिने जातो. ०.१० च्या पुढचा त्याहून जास्त टिकतो, पण कड जाड असल्याने केस कपाळावरून मागे वळवले की ती दिसू शकते. पहिल्यांदाच घेणाऱ्याने ०.०३ च्या मोहात पडू नये. काढ-घाल करायचा हात बसेपर्यंतच तो फाटतो.

केस कसे बसवले आहेत, हेही विचारा. अतिपातळ पापुद्र्यात केस गाठ न मारता आत-बाहेर ओवलेले असतात. त्याला व्ही-लूप म्हणतात. मुळाशी काळा ठिपका दिसत नाही, पण केस लवकर निसटतात. गाठ मारलेले केस जास्त टिकतात, पण जवळून गाठीचे ठिपके दिसतात. दुकानदार दोन्ही गुण एकाच पॅचमध्ये असल्याचे सांगू लागला, तर सावध व्हा.

निवडताना

माप डोक्यावर घ्यायला लावा. डोक्यावर पातळ प्लास्टिक ताणून, वर चिकटपट्टी लावून, उघड्या भागाची रेघ मारून साचा काढतात. अंदाजाने दिलेला पॅच कडेला उचलतो.

केस दाट हवेत असे सगळ्यांनाच वाटते, पण पॅच उघडा पडतो तो दाटपणामुळेच. बाजूचे आपले केस जेवढे दाट, तेवढाच वरचा भाग ठेवा. चाळिशीच्या माणसाच्या डोक्यावर अठराव्या वर्षाचे केस शोभत नाहीत. कपाळाची रेघही फार खाली आणू नका. भुवया उंचावल्यावर सर्वांत वरची आठी जिथे उमटते, तिच्या बोटभर वर ती असावी. बाजूचे केस पिकले असतील तर पॅचमध्येही तेवढे पांढरे मागा.

भांग रुंद झालेल्या बायांना पूर्ण पॅच लागत नाही. भांगापुरता छोटा तुकडा पुरतो. तो क्लिपने बसतो, पण क्लिप रोज त्याच जागी ओढून लावली तर तिथले उरलेले केसही मुळासकट जातात. जागा बदलत राहा आणि झोपताना काढून ठेवा.

चिकटवताना आणि काढताना

पातळ स्किन टेपने किंवा ग्लूने बसवतात. काहींना या चिकट पदार्थांची अॅलर्जी असते. म्हणून बसवण्याच्या दोन दिवस आधी टेपचा तुकडा किंवा ग्लूचा थेंब हाताच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास ठेवा. लाली, खाज किंवा फोड आले तर ते डोक्यावर नकोच. फेव्हिक्विकसारखा घरगुती गोंद डोक्याला कधीही लावू नका.

या पापुद्र्यातून हवा जात नाही आणि घाम आतच अडकतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हाचा कहर असतो. कुणी उसाच्या फडात, कुणी एमआयडीसीच्या शेडमध्ये, कुणी हेल्मेट घालून गाडीवर. अशा डोक्यावर महिनाभर पॅच ठेवायला सांगणारा तुमच्या टाळूचा विचार करत नाही. उन्हाळ्यात पाच-सात दिवसांनी आणि एरवी फार तर दहा दिवसांनी तो काढा, टाळू धुवा, कोरडी करा आणि निदान एक रात्र मोकळी ठेवा.

काढताना ओढू नका. कडेने रिमूव्हरचे थेंब सोडा, पाच मिनिटे थांबा, मग हलक्या हाताने सोलत जा. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका. बरेच रिमूव्हर पेट घेणारे असतात, तेव्हा गॅस, चूल आणि विडीपासून लांब बसा. विहारात मेणबत्ती लावताना, चुलीवर भाकरी टाकताना समोरचे केस सांभाळा. कृत्रिम धाग्याचे केस असतील तर ते वितळून कातडीला चिकटतात.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात पुष्कळ जमीन खारावली आहे आणि बऱ्याच ठिकाणी बोअरचे पाणीही जड आहे. त्या पाण्याने पॅचचे केस राठ होतात. सौम्य शाम्पूने धुऊन शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घाला. मुळाशी तेल लावू नका, चिकटलेले सुटते.

टाळूवर पुळ्या, पू, ओलसरपणा, दुर्गंधी किंवा गोल खवलेदार चट्टा दिसला तर पॅच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून तीन-तीन औषधे मिसळलेली मलमाची ट्यूब आणून चोळू नका. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दबते आणि नायटा आत पसरतो. एमआरआय किंवा शस्त्रक्रियेआधी पॅच व क्लिपबद्दल नर्सला जरूर सांगा. सांगायला लाजू नका, आम्ही सगळे पाहिलेले असते.

कर्करोगाच्या केमोने केस बहुधा दोन-तीन आठवड्यांत जाऊ लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. त्या काळात टाळू फार नाजूक असते. तिथे टेप-ग्लू नको. मऊ सुती टोपी, स्कार्फ किंवा आतून मऊ असलेला विग बरा. मुंबईतली 'कोप विथ कॅन्सर - मदत ट्रस्ट' ही संस्था दान आलेल्या केसांचे विग कर्करुग्णांना मोफत देते.

हिशोब मांडा

पॅच एकदा घेऊन भागत नाही. समजा, पॅच ६,००० रुपयांचा आणि तीन महिने टिकणारा आहे. म्हणजे महिन्याला २,०००. त्यावर टेप, रिमूव्हर आणि सलूनमध्ये बसवण्याचे पैसे. हे वर्षभर, वर्षानुवर्षे. दुकानात पॅचची किंमत विचारू नका, वर्षाचा एकूण खर्च विचारा आणि पावती घ्या. बचत गटाचे किंवा फायनान्सचे कर्ज यासाठी काढू नका. पॅचने केस उगवत नाहीत, हेही लक्षात ठेवा. तसे सांगणारा फसवतो आहे.

हे केस कुणाचे?

चांगले केस तिरुपतीसारख्या देवस्थानांतल्या मुंडणातून येतात आणि लिलावात विकले जातात. दुसरा साठा आपल्याच गल्लीतून जातो. फणीतले गुंतवळ भिंतीच्या फटीत खोचून ठेवायचे आणि केसांवर भांडी देणारा आला की वाटीभर भांड्यासाठी द्यायचे, हे आपल्या बायांना माहीत आहे. ते केस सोडवून, धुऊन, रंगवून हजारोंच्या मालात जातात. पुढच्या वेळी भांडेवाल्याशी भाव करा.

लाज कशाची?

डोक्यावरच्या केसांवरून माणसाची किंमत ठरवण्याची रीत जुनी आहे. विधवांचे सक्तीने केशवपन होत असे तेव्हा सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचे नाकारले. बाईच्या डोक्याचे काय करायचे ते दुसऱ्याने ठरवू नये, हे त्यामागचे म्हणणे होते. आपल्याकडे श्रामणेर शिबिरात मुलगे आनंदाने मुंडण करतात आणि वस्ती त्यांना वंदन करते. तेच डोके अनुवंशाने उघडे पडले की हीच वस्ती हसते. हे बदलणे आपल्या हातात आहे. 'टकल्या' म्हणून हाक मारणे आधी आपल्या घरात बंद करा.

लग्न ठरत असेल तर एक आग्रहाचे सांगणे. पॅच लावून मुलगी बघायला जा, हरकत नाही. पण सुपारी फुटण्याआधी मुलीला तो दाखवा. लग्नानंतर कळले तर तिला केसांपेक्षा लपवल्याचे जास्त लागते, आणि ते बरोबरच आहे. मुलीच्या बाबतीतही हाच नियम. ती थायरॉईडची गोळी घेते, तिचा भांग विरळ आहे, हे लपवून स्थळ जमवू नका. जे घर एवढ्यावरून मागे फिरेल, ते पुढे तिच्या आजारपणात उभे राहणार नाही.