मेंढीच्याच रंगाचं घोंगडं

आषाढात तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडते आणि अकलूजला गोल रिंगण होतं. सर आली की पटांगणभर प्लास्टिकचे कागद उघडतात. पूर्वी तिथं घोंगड्याच्या खोळी दिसायच्या : काळ्या, करड्या, मधेच एखादी पांढऱ्या काठाची. त्यातला एकही रंग रंगाऱ्याच्या हंड्यातून आलेला नसे. मेंढीच्या अंगावर होता तोच घोंगड्यात उतरलेला असे.

अकलूज म्हटलं की कॅनॉल, ऊस आणि साखर कारखाना आठवतो. पण माळशिरस तालुक्यात पाणी न पोचलेलं माळरानही आहे आणि त्यावर धनगरांची मेंढरं चरत आली आहेत. ही दख्खनी मेंढी. लोणंद, सांगोला, संगमनेर आणि कोल्हापूर अशा तिच्या उपजाती मानतात. लोकर जाडीभरडी, एका मेंढीची वर्षाला जेमतेम किलोभर, तीही बहुधा दोन कातरण्यांत मिळून. कोकराच्या पहिल्या कातरणीला जावळ म्हणतात. ती सगळ्यांत मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीचा मान मोठा.

कातरलेली लोकर रंगावारी निवडायची, पिंजायची, मग चरख्यावर सूत. हे काम बहुतेक बायांचं. माग चालवायचा तो सणगरांनी आणि खुटेकर धनगरांनी, तोही जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून. हातसुताला बारीक केस उभे असतात. तसंच मागावर चढवलं तर फणीत अडकून ताणा तुटतो. म्हणून चिंचोके भाजून, भिजवून, कुटून शिजवलेली खळ कुंच्यानं ताण्यावर ओढतात. केस बसतात, धागा ताठ होतो. नवं घोंगडं अंगाला कडक लागतं ते या खळीमुळे. वापरता वापरता ते माणसाळतं.

मला या कामातली सगळ्यांत मोठी कारागिरी दिसते ती रंगांच्या हिशोबात. पांढरी लोकर थोडी, म्हणून ती काठाला. काळी आणि पांढरी एकत्र पिंजली की करडा रंग. काळ्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस झालेली असतात, त्यामुळे काळ्यातही एकसारखा काळा कधी मिळत नाही. एका कातरणीचं सूत कमी पडलं तर आधीच्या घोंगडीतून उरलेले गोळे बाहेर निघतात. कुठं पट्टा पडतो, कुठं दोन बोटं रंग बदलतो. याला चूक म्हणणाऱ्यानं घोंगडं पाहिलेलंच नाही. ताण्याच्या शेवटी जे विणता येत नाही, तेही कापून टाकत नाहीत. त्याला पीळ देऊन दशा होतात.

लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा पिऊनही ऊब देते. त्यापुढं भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. ‘भिजत घोंगडं’ हा वाक्प्रचार मराठीला याच अनुभवातून मिळाला. आज जागरणाला, तळी भरायला घोंगडी अंथरतात. देवघरात ती टिकली, अंथरुणातून गेली. तिथं पानिपतची ब्लँकेटं आली. जुने लोकरी कपडे फाडून, पुन्हा कातून ती विणली जातात. उरल्यासुरल्याचा उपयोग तिथंही आहेच, पण तो यंत्राचा, आणि स्वस्ताईत हातमागाला हरवणारा.

खरी अडचण मात्र मागाच्याही आधीची आहे. मेंढपाळाचं पोट आता चालतं ते मटणाच्या भावावर आणि शेतात मेंढरं बसवण्याच्या मोबदल्यावर. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. तरी उन्हाळ्यासाठी आणि किडीसाठी कातरावं तर लागतंच. कातरणी उरकते, मेंढरं हलकी होऊन पुढच्या वावराकडे निघतात आणि काळ्या-पांढऱ्या लोकरीचा ढीग बांधावर तसाच मागं राहतो.