मोठ्या सामन्याचें तिकीट

क्रिकेटचा सामना पाहणें ही एक गोष्ट आणि त्याचें तिकीट मिळविणें ही अगदीं निराळी गोष्ट. पहिलीस डोळे पुरतात. दुसरीस धीर, वेळेचें भान व थोडीशी अंकगणिताची जाण लागते. ता. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून विश्वचषक जिंकला. त्याच्या तीनच दिवस आधीं त्याच मैदानावर जेमिमा रॉड्रिग्ज हिनें नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियासारख्या बलाढ्य संघास घरीं पाठविलें होतें. असे सामने पडद्यावर पाहून ज्यांचें समाधान होत नाहीं, आणि आपणहि एकदां तेथें जाऊन बसावें असें ज्यांच्या मनांत येतें, त्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं हा लेख आहे.

आपण शिर्डीचे रहिवासी रांगेला नवखे नाहीं. दर्शनबारी कशी लागते, गुरुवारीं व सणासुदीस ती किती लांबते, हें येथल्या लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु त्या रांगेंत व सामन्याच्या तिकिटाच्या रांगेंत एक मूलभूत भेद आहे. दर्शनबारींत उभा राहिलेला मनुष्य उशिरां कां होईना, पण आंत पोंचतो. एकानें दर्शन घेतल्यानें दुसऱ्याचें दर्शन कमी होत नाहीं. मैदानांतील खुर्च्या मात्र मोजलेल्या असतात. त्या संपल्या कीं पहाटेपासून तिष्ठत असलेल्या मनुष्यासहि रिकाम्या हातानें परतावें लागतें. आणि त्याहून ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, रांग लागण्यापूर्वीच त्या खुर्च्यांपैकीं बहुतेक वांटल्या गेलेल्या असतात.

याचें ठळक उदाहरण म्हणजे २०११ सालचा विश्वचषकाचा अंतिम सामना. हा सामना ता. २ एप्रिल रोजीं मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर झाला व भारतानें श्रीलंकेचा सहा गडी राखून पराभव केला. त्या वेळीं स्टेडियमांत सुमारें ३३,००० प्रेक्षकांची सोय होती. परंतु सर्वसाधारण जनतेस विकण्यासाठीं त्यांतून सुमारें ४,००० तिकिटें बाहेर निघालीं. म्हणजे आठ खुर्च्यांपैकीं एक! बाकीच्या सातांचे धनी आधींच ठरलेले होते. कांहीं मुंबई क्रिकेट असोसिएशनशीं संलग्न असलेल्या क्लबांच्या वांट्यास गेल्या, कांहीं आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, तर कांहीं पैसा पुरविणाऱ्या प्रायोजकांच्या. त्या वर्षीं फेब्रुवारींत थोडीं तिकिटें इंटरनेटवर विक्रीस ठेवतांच देशोदेशींच्या लोकांनीं अशी झुंबड उडविली कीं, तें संकेतस्थळच कोलमडलें.

हें वाचून राग येणें साहजिक आहे. तथापि क्लबांची बाजूहि ऐकून घ्यावी. मुंबईचें क्रिकेट मैदानांवर जगतें; १९४८ पासून भर पावसाळ्यांत, चिखलांत खेळली जाणारी कांगा लीग हेच क्लब चालवीत आले आहेत. वर्षभर ज्यांनीं खेळ जोपासला त्यांना मोठ्या सामन्याच्या दिवशीं दारांतूनच परत पाठवावें, हें कोणासहि न्याय्य वाटणार नाहीं. आमच्या मतें क्लबांचा हक्क खरा आहे. जनतेचा वांटा एक अष्टमांशावर यावा, हें मात्र कोणत्याहि युक्तिवादानें पटण्यासारखें नाहीं.

गंमत अशी कीं, खुद्द वानखेडे स्टेडियमाचा जन्म तिकिटांच्या वांटणीच्या तंट्यांतून झाला आहे. हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्यें बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. ती संस्था युरोपियनांची. तिचें सभासदत्व हिंदी मनुष्यास खुलें नव्हतें. त्याच वर्षीं क्रिकेट क्लब ऑफ इंडिया ही संस्था निघाली, आणि १९३७ सालीं चर्चगेटनजीक समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर तिचें ब्रेबोर्न स्टेडियम उभें राहिलें. पुढें पंचरंगी सामने व कसोटी सामने तेथेंच होऊं लागले. मैदान क्लबाचें, म्हणून क्लबाच्या सभासदांस बसावयास उत्तम जागा; आणि मुंबईच्या क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्या बॉम्बे क्रिकेट असोसिएशनच्या वांट्यास काय, हा वाद वर्षानुवर्षें धुमसत राहिला. असोसिएशनला आपल्या शेंकडों क्लबांचीं तोंडें गोड करावयाचीं होतीं, आणि मिळणारीं तिकिटें तिला पुरत नव्हतीं.

१९७० नंतरच्या दोनतीन वर्षांत हा वाद विकोपास गेला. क्लबाच्या बाजूस विजय मर्चंट, एके काळचे थोर फलंदाज. असोसिएशनच्या बाजूस तिचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, जे १९७२ पासून महाराष्ट्र विधानसभेचेहि अध्यक्ष होते. दोघेहि मानी. समेट होईना, तेव्हां वानखेडे यांनीं आपलें स्वतंत्र मैदान बांधावयाचें ठरविलें. ब्रेबोर्नपासून चालत सहज जातां येईल इतक्या अंतरावर, वास्तुशिल्पी शशी प्रभु यांच्या आराखड्याप्रमाणें, अवघ्या वर्षसव्वावर्षांत नवें स्टेडियम उभें राहिलें, आणि जानेवारी १९७५ मध्यें वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना तेथें झाला. क्लाइव्ह लॉइडनें त्यांत नाबाद २४२ धावा काढल्या. त्यानंतर ब्रेबोर्नवर कसोटी सामना पुन्हा दिसावयास २००९ साल उजाडावें लागलें. एका शहरांत हांकेच्या अंतरावर दोन मोठीं क्रीडांगणें कां, असा प्रश्न चर्चगेटला उतरणाऱ्या नवख्यास पडतो. त्याचें उत्तर तिकिटाच्या त्या लहानशा कागदांत आहे.

हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत तेथील फुटबॉलचा 'सुपर बोल' नांवाचा अंतिम सामना होतो. त्याचीं बहुतेक तिकिटें लीग व निरनिराळे संघ आपसांत वांटून घेतात, व वर्षभराचीं तिकिटें घेणाऱ्या निष्ठावंत ग्राहकांमध्यें संघ चिठ्ठ्या टाकतात. विंबल्डनच्या टेनिस सामन्यांसाठीं तर १९२४ पासून जनतेंत सोडत काढण्याची पद्धति आहे. शिवाय रात्रभर रांगेंत पडून राहणाऱ्यासाठीं त्या त्या दिवसाचीं कांहीं तिकिटें राखून ठेवतात. नशीब व कष्ट या दोघांसहि वाव देणारी ही पद्धति आम्हांस सर्वांत सरळ वाटते.

आतां बाद फेरीच्या तिकिटाची खरी अडचण पाहूं. साखळीच्या सामन्यांत कोण कोणाशीं खेळणार हें आधीं ठाऊक असतें. उपांत्य व अंतिम सामन्यांत तें ठाऊक नसतें, पण तिकीट मात्र आधींच घ्यावें लागतें. २०२३ सालच्या विश्वचषकाची सुरुवात ५ ऑक्टोबरला झाली, आणि उपांत्य व अंतिम सामन्यांचीं तिकिटें १५ सप्टेंबरलाच विक्रीस आलीं. भारत उपांत्य फेरींत पोंचल्यास त्याचा सामना वानखेडेवर, परंतु प्रतिस्पर्धी पाकिस्तान असल्यास तो कलकत्त्यास, असें ठरलेलें होतें. म्हणजे मुंबईचें तिकीट घेणाऱ्यास आपण भारताचा खेळ पाहणार कीं परक्या दोन संघांचा, याची खात्री नव्हती. ज्यांनीं धोका पत्करला त्यांना १५ नोव्हेंबरला विराट कोहलीचें पन्नासावें एकदिवसीय शतक व महंमद शमीचे सात बळी पाहावयास मिळाले. २०२५ च्या महिला विश्वचषकांत तर अंतिम सामन्याचें गांवहि आधीं ठरलें नव्हतें. पाकिस्तान अंतिम फेरींत आल्यास तो कोलंबोस व्हावयाचा होता.

यावरून घेण्यासारखें तें इतकेंच. विक्रीच्या तारखा आधीं जाहीर होतात; त्या वहींत टिपून ठेवाव्या. कित्येकदां विक्रीपूर्वी नांवनोंदणी असते, ती चुकवूं नये. इंटरनेटवरील रांगेंत बहुधा दार उघडण्यापूर्वी जमलेल्या सर्वांना यदृच्छेनें क्रमांक मिळतो. म्हणून घरांतील दोघातिघांनीं आपापल्या खात्यावरून प्रयत्न करणें शहाणपणाचें. खुर्ची निवडल्यावर पैसे भरण्यास थोडींच मिनिटें मिळतात. पैसे कोणी व कशानें भरावयाचे हें आधींच ठरलेलें असावें. पहिल्या दिवशीं तिकीट न मिळाल्यास हताश होऊं नये. संस्थांकडून न उचललेलीं तिकिटें मागाहून बाहेर येतात. २०२३ सालीं बाद फेरीच्या तिकिटांचा शेवटचा हप्ता ९ नोव्हेंबरला, म्हणजे वानखेडेवरील सामन्याच्या अवघ्या सहा दिवस आधीं, विक्रीस निघाला होता. त्या वर्षीं नुसता मोबाईलवरील संदेश दाखवून आंत जातां येत नव्हतें, कागदी तिकीटच हातीं असावें लागे. बाहेरगांवच्या मनुष्यानें तें कोठून व केव्हां मिळणार याची चौकशी विकत घेण्यापूर्वीच करावी.

काळ्या बाजाराच्या वाटेस जाऊं नये, हें सांगण्यास केवळ नीतीचें कारण पुरे आहे. पण व्यवहाराचेंहि आहे. २०२३ च्या उपांत्य सामन्यापूर्वी अवाच्या सवा किंमतीस तिकिटें विकणाऱ्यांस मुंबई पोलिसांनीं अटक केली होती. तिकिटाचें छायाचित्र पाठवून पैसे मागणारा अनोळखी मनुष्य तर तेंच छायाचित्र दहा जणांस पाठवूं शकतो, आणि दारावर फक्त पहिल्यास प्रवेश मिळतो. शिर्डीहून मुंबईपर्यंत जाऊन तेथून मुलांसह परत फिरणें पालकांस परवडणारें नाहीं.

पहिल्यांदाच मैदान पाहणाऱ्या मुलानें अंतिम सामन्याचाच हट्ट धरूं नये. २०२५ च्या महिला विश्वचषकांत भारतांतील साखळी सामन्यांचीं तिकिटें १०० रुपयांपासून होतीं. तेवढ्यांत हिरवळीवरून सीमेकडे धांवणारा चेंडू, टोला बसल्याचा आवाज किंचित् मागाहून कानीं येणें व हजारों माणसांनीं एकाच क्षणीं उठणें, हें सर्व पाहावयास मिळतें.

प्रवासाचें म्हणाल, तर फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत गाडी साईनगर शिर्डीहून सायंकाळीं निघून रात्रीं मुंबईस पोंचते. दुपारीं सुरू होणाऱ्या सामन्यास ती त्याच दिवशीं उपयोगी नाहीं. आदल्या दिवशीं निघून आप्तांकडे मुक्काम करावा. नेरूळला जाणाऱ्यांनीं ठाण्यास उतरून पनवेलची लोकल धरावी. परतीचें तिकीट मात्र दुसऱ्या दिवसाचें काढावें. महिलांचा तो अंतिम सामना पावसामुळें दोन तास उशिरां सुरू झाला व मध्यरात्रीच्या सुमारास संपला.